आधी सूर, मग श्वास

१

ट्रम्पेटवाला आला की आधी तक्रार बाहेर काढायचा आणि मग पेटीतून ट्रम्पेट.

“सर, हा मधला सूर बघा. जीव काढून फुंकलं तर येत नाही, आणि कंटाळून सोडून दिलं की मागून हळूच येतो. आमच्या मेव्हण्यासारखं आहे अगदी. सगळं आवरून झालं की विचारणार, काही मदत करू का?”

प्राध्यापकांनी नुसती मान हलवली आणि ट्रम्पेटचं तोंड टेबलावरच्या रबरी ओठांना लावलं.

निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. जन्मभर त्यांनी ध्वनिशास्त्र शिकवलं, जाडजूड निबंध लिहिले. ते आता कुणी वाचत असेल असं त्यांचं त्यांनाही वाटत नव्हतं. घराच्या बाहेरच्या खोलीत बसून लोकांची फुंकायची वाद्यं सुधारणं, एवढंच हल्ली चालायचं. पितळी असो, लाकडी असो, काम तेच. नळीत हवा कुठे अडते ते शोधायचं, गळती बुजवायची, भोकांच्या धारदार कडा अगदी केसभर मऊ करायच्या. सूर निघायला कमीत कमी जितक्या जोराची फुंक लागते, त्या जोराला ते वाद्याचा उंबरठा म्हणत. उंबरठा जितका खाली, तितकं वाद्य हलकं. माणसाची फुंक कधी सारखी नसते, म्हणून मोजायला त्यांनी एक कृत्रिम तोंड बनवलं होतं: काचेची पेटी, तिला रबराचे दोन ओठ आणि मागे हवेचा पंप.

त्यांची बायको त्या यंत्राला सवत म्हणायची.

“अहो, आज सवतीच्या तोंडी काय दिलंत?” आतल्या खोलीतून आवाज आला.

“ट्रम्पेट.”

“बरं. पचेल तिला.”

ट्रम्पेटवाला खुर्ची दाराकडे सरकवून म्हणाला, “मॅडम, एक जण म्हणत होता, ट्रम्पेट बर्फात ठेवून काढलं की आवाज खुलतो म्हणे. खरं का हो?”

“सर्दी होईल त्याला,” ती म्हणाली. स्वतःच्याच विनोदावर हसली, आणि ते हसणं खोकल्यात गेलं. खोकला थांबता थांबेना. ट्रम्पेटवाला आपल्या बुटांकडे बघत बसला. प्राध्यापक हातातली पट्टी तशीच धरून उभे राहिले. मग खोकला सरला आणि ऑक्सिजनच्या मशीनची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली. ती सतत चालूच असायची. लक्षात यायची ती अशा वेळी.

तो गेल्यावर तिने त्यांना आत बोलावलं.

“माझंही एक वाद्य दुरुस्तीला घ्या.”

कपाटावरची क्लॅरिनेटची पेटी तिने डोळ्यांनीच दाखवली. ऑर्केस्ट्रात ती जन्मभर क्लॅरिनेट वाजवत आली होती. फुप्फुसं कडक व्हायला लागली तशी पेटी वर गेली ती गेलीच. डॉक्टरांनी हात टेकले होते. ते तसं बोलत नव्हते, पण पुढची तारीख द्यायची त्यांनी बंद केली होती.

“तुला फुंकवणार नाही गं,” ते म्हणाले.

“गाणं नकोय मला. लांब सूर लावायचाय.”

लांब सूर म्हणजे तिचा रोजचा पहिला रियाज. दात घासले की चहाच्याही आधी सगळी भोकं झाकून सर्वांत खालचा सूर लावायचा आणि श्वास संपेपर्यंत सोडायचा नाही. हे घर कित्येक वर्षं त्या सुराने जागं झालं होतं.

“एकदाच. अख्खा. मध्ये न तुटता.”

“पण श्वास...”

“श्वास आहे तेवढाच आहे. तो काही तुम्ही वाढवणार नाही. तुमच्या त्या वाद्याला सांगा, कमीत भागव म्हणावं.”

२

ते कामाला लागले. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. तिच्या आजारात त्यांना काहीच कळत नव्हतं. यातलं थोडं तरी कळत होतं.

लाकूड सुकून गेलं होतं. त्यांनी त्याला तेल पाजलं. भोकांवरच्या जुन्या गाद्या काढून नव्या बसवल्या, सांध्यांची बुचं बदलली, नळी आतून पुसून पुसून आरशासारखी केली. रीड, म्हणजे तोंडाशी असते ती वेताची पातळ पत्ती, पाण्यात भिजवून काचेवर घासली आणि आणखी पातळ केली. मग सगळी भोकं रबरी पट्ट्यांनी बांधून वाद्य सवतीच्या ओठी लावायचं, पंप हळूहळू वाढवायचा आणि सूर कधी निघतो ते बघायचं. उंबरठा खाली येत होता.

पहिल्यांदा वाद्य तिच्या हातात दिलं तेव्हा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा सूर लागला, कापडाच्या चिंधीसारखा फाटला आणि गेला. ती उशीवर मागे पडून बराच वेळ धापा टाकत होती.

“बघितलंत?” दम जरा खाली बसल्यावर ती म्हणाली. डोळे चमकत होते. “ओळखलं त्याने मला. अजून थोडं खाली आणा.”

त्यांनी आणलं.

कुठलीही पत्ती अमुक एका जोराखाली हलूच शकत नाही. त्याचं गणित असतं, आणि ते गणित त्यांनी स्वतः फळ्यावर इतक्या वेळा सोडवलं होतं की हात आपोआप चालायचा. या क्लॅरिनेटचा उंबरठा त्या मर्यादेच्याही खाली गेला. त्यांनी गणित पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. मग त्यांनी या वयात जे करायची सवय लागली होती तेच केलं: आपलंच काहीतरी चुकत असणार असं धरलं आणि पुढे गेले.

३

मोजणीच्या पडद्यावर दोन रेषा उमटायच्या, वर फुंकीची आणि खाली सुराची. आधी वरची उठणार, मग खालची. कारण आधी, परिणाम मागून. त्या दिवशी खालची रेषा आधी उठली.

किंचितच आधी. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. मायक्रोफोनची तार हलवून बघितली. पंपाची घड्याळाशी जोडणी सैल असेल, असं ठरवलं. असं झालं की प्रयोगशाळेतला कुठलाही माणूस शून्य सरकवतो: फुंक जिथे सुरू व्हायला हवी होती तिथे नवं शून्य मांडायचं, की दोन्ही रेषा पुन्हा शहाण्यासारख्या चालायला लागतात. त्यांनीही सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खालची रेषा पुढे होती. पुन्हा सरकवलं.

गळती बघायची एक जुनी पद्धत आहे. सगळी भोकं झाकायची, खालचं टोक तळव्याने बंद करायचं आणि वरच्या टोकाने हवा ओढून घ्यायची. नळी घट्ट असली तर जिभेला चिकटून राहते. त्यांनी ओढली. चिकटली. आणि मग आतून कुणीतरी, अगदी हलक्या हाताने, हवा परत ओढून घेतली.

त्यांनी तोंड बाजूला केलं. खिडकीत ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायला धडपडत होतं. चिकटलेली जीभ सुटताना असं वाटतंच, असं ते स्वतःला म्हणाले. असं वाटतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती; आठवड्याच्या शेवटी यायची, एरवी फोन करायची.

“बाबा, जेवलात? आईने खाल्लं? गोळ्या घेतल्यात?”

“घेतल्या. अगं, हल्ली मी विसरतो का गं फार?”

“बाबा, हा प्रश्न तुम्ही मला दर फोनला विचारता.”

“म्हणजे विसरतो.”

ती हसली, तेही हसले.

“मी येते शनिवारी,” ती म्हणाली.

४

जेवण झालं होतं. पंपाची विजेची पिन त्यांनी स्वतः काढून टेबलावर ठेवली होती, कारण त्या सॉकेटमध्ये त्यांना दिवा लावायचा होता. ती पिन त्यांच्या डोळ्यांसमोर होती, तेव्हाच सूर लागला.

बारीक, खालचा. पट्ट्यांनी बांधलेलं क्लॅरिनेट सवतीच्या ओठी तसंच पडलेलं होतं. सूर थोडा फुगला, बसला, धाग्याएवढा उरला, पुन्हा फुगला. त्यांनी पेटीला हात लावला. काच थंड होती. ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीने नळी हुंकारत असेल, हे त्यांना लगेच सुचलं; पण घरघरीचा सूर वेगळा होता आणि तो फुगत-बसत नव्हता.

ते मधल्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून टेबलही दिसायचं आणि पलंगही. ती जागी होती, छताकडे बघत पडली होती. मागे सूर फुगला. आणि मग, हे ‘मग’ त्यांनी कान देऊन पुन्हा पुन्हा तपासलं, तिची छाती वर आली. सूर बसला. मग तिने श्वास सोडला.

“अगं, जरा श्वास धर.”

“धरायला आधी हवा ना.” पण धरला तिने. डोळ्यांत मिश्कीलपणा होता, जुन्या खेळातल्यासारखा.

सूर बारीक झाला. थांबला नाही. वाट बघत असल्यासारखा राहिला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, गळ्याची शीर उठली होती. मग सूर फुगला, आणि धरलेला श्वास तिच्या तोंडातून बाहेर पडून छाती पुन्हा भरली.

“सोडलास?”

तिच्या चेहऱ्यावरचा खेळ गेला होता.

“मी नाही सोडला,” ती म्हणाली. “सुटला.”

५

“बंद करतो ते,” प्राध्यापक म्हणाले. ते पलंगाच्या कडेला बसले होते. आज चहा दोघांनाही नको झाला होता.

“का? चालू दे की. छान वाटतं मला. तो लागला की मला श्वास येतो.”

“तो तुझा श्वास घेत असेल गं. तुला फक्त वाटत असेल, मिळतोय म्हणून.”

“तुम्हाला काय माहीत?”

त्यांना माहीत नव्हतं. दोन गोष्टी एकमेकींना धरून डोलायला लागल्या की कोण कोणाला डोलावतंय हे नुसतं बघून सांगता येत नाही. एकीला हात लावून थांबवावं लागतं. हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं आणि मुलांनी ते मान खाली घालून उतरवून घेतलं होतं.

“तुझे ओठ निळे पडलेत,” ते म्हणाले.

“ते केव्हाचेच पडलेत. तुम्ही आज बघितले.” तिने त्यांचा हात हातात घेतला. “ऐका ना. किती स्थिर लागलाय. आमच्या ऑर्केस्ट्रात असा लावणारा एक नव्हता. मीसुद्धा नाही.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते. तुमची. तुम्ही आता मला न विचारता काहीतरी करणार.”

संध्याकाळभर दोघं ऐकत बसली. सूर भरत चालला होता. पहिल्यासारखा बारीक राहिला नव्हता. आणि तिचा हात हातात असूनही नसल्यासारखा हलका लागत होता. एवढंच त्यांना दिसलं. भरणारं एक आणि रितं होणारं दुसरं. यापलीकडे आणखी कसला पुरावा हवा, असं त्यांना वाटलं. आणि आपला पुराव्यावरचा विश्वास या घरात कधी कुणाच्या कामी आला, असंही वाटलं.

६

शनिवारी दुपारी ती झोपल्यावर त्यांनी पट्ट्या सोडल्या.

क्लॅरिनेट सवतीच्या ओठांतून काढून मांडीवर घेतलं आणि एकेक रबरी पट्टी सोडवली. शेवटची पट्टी निघाली, भोकं उघडी पडली, सूर फुस्स झाला आणि गेला. खोलीत मशीनची घरघर तेवढी उरली. त्यांना हायसं वाटलं. आता तिच्या श्वासाचा तो साधा, खरखरीत आवाज येईल म्हणून ते कान देऊन बसले.

आला नाही.

दारापर्यंत जाऊन त्यांनी बघितलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. पांघरूण हलत नव्हतं.

ते कित्येक वर्षांत धावले नव्हते. धावत मागे आले, क्लॅरिनेट उचललं, दोन्ही हातांची बोटं भोकांवर दाबली, करंगळीने खालची चावी दाबली. काही नाही. एक भोक नीट झाकलं जात नव्हतं. त्यांची बोटं वादकाची नव्हतीच कधी. त्यांनी अनामिका सरकवली, पुन्हा दाबली. नळी बोटांखाली थरथरली. सूर लागला. आणि आतल्या खोलीतून, पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा, एक मोठा श्वास ओढल्याचा आवाज आला.

ते दारातच खुर्चीत बसले. क्लॅरिनेट मांडीवर, बोटं भोकांवर. पट्ट्या पायाशी पडल्या होत्या. त्या परत बांधायच्या तर हात सोडायला हवा होता. फोन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता. त्याला हात घालायचा तर हात सोडायला हवा होता.

“अगं,” त्यांनी हाक मारली. “माफ कर हं.”

उत्तर आलं नाही. झोपली असेल.

योगायोग असेल, असं त्यांचं डोकं म्हणत होतं. झोपेत कधीकधी तिचा श्वास अडायचाच. खरं-खोटं करणं सोपं होतं: एक बोट उचलायचं आणि बघायचं. सबंध आयुष्यात त्यांनी कुठलीही शंका अशी न तपासता ठेवली नव्हती. त्यांनी बोट आणखी घट्ट दाबलं.

उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर गेली. करंगळीत गोळा आला, मग मनगटात, मग बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी झाली. मांडीवर, त्यांच्या तोंडापासून हातभर लांब, ती वेताची पत्ती होती. तिच्या टोकाशी काचेवर धरते तशी वाफ धरत होती. विरत होती. पुन्हा धरत होती. एकदा बघितल्यावर त्यांनी तिकडे बघणं सोडलं आणि नुसता सूर ऐकत राहिले. तो फुगत होता, बसत होता, पण तुटत नव्हता.

७

मुलगी संध्याकाळी आली. किल्लीने दार उघडलं, खांद्यावरची बॅग न उतरवता त्यांच्या अंगावरून आत गेली. जाताना “दिवा नाही का लावायचा, बाबा?” एवढं म्हणाली.

आत तिने हाक मारली, “आई.” मग पुन्हा, वेगळ्या आवाजात. मग ऑक्सिजनच्या मशीनची घरघर बंद झाली.

ती बाहेर येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

“बाबा, ठेवा आता ते.”

“तुटेल गं.”

“बाबा.” तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आई गेली. हात गार पडलेत. दुपारीच गेली असणार.”

“छे. आत्ता तर...”

आणि ते अडखळले. आतून श्वास आल्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला, ते त्यांना आठवेना. तो एक मोठा ऐकला होता. त्यानंतर ते सूर ऐकत होते. सूर आहे म्हणजे मागून श्वास असणारच, असं धरून चालले होते.

मशीन बंद झाल्यामुळे खोली फार मोठी वाटत होती. तिच्यात सूर फुगला, बसला, धाग्याएवढा झाला, पुन्हा फुगला.

“नका ना वाजवू आता,” मुलगी रडत म्हणाली. “हात जोडते तुमच्यापुढे.”

“मी नाही वाजवत.”

तिने वर बघितलं. त्यांचे ओठ रिकामे होते. मग तिने खाली, मांडीवर, क्लॅरिनेटच्या तोंडाकडे बघितलं. जवळ गेली. कान लावला. लहानपणी कित्येक वर्षं ती आईच्या कुशीत झोपली होती. ऐकता ऐकता तिचं रडं थांबलं. ओळखीचा वास यावा तसे तिने डोळे मिटले, आणि तिचा स्वतःचा श्वास हळूहळू त्या सुराबरोबर चालायला लागला, अगदी किंचित मागून.

“सोडू का?” प्राध्यापकांनी विचारलं. “मला कळत नाही गं. मला खरंच काही कळत नाही. तू सांग. तू म्हणशील तर सोडतो.”

बाहेर अंधार पडत होता. तिने बॅग खांद्यावरून उतरवली, दोन्ही हात कपड्यांना पुसले आणि सरकून त्यांच्या शेजारी आली. पहिलं बोट तिने त्यांच्या करंगळीखाली घातलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं, मध्ये फट राहू न देता.

“सरका,” ती हळूच म्हणाली. “तुमचे हात भरून आले असतील. मी धरते जरा वेळ.”